एकाच डिस्कचे परस्परविरोधी अहवाल : जुन्या संगणकाच्या दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

३ जून

हा संगणक २०११ मध्ये जुळवलेला आहे. इंटेलच्या ६ मालिकेतील चिपसेटचा मदरबोर्ड, चार-चार जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम, मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी एक टीबीची हार्ड डिस्क, एक डीव्हीडी ड्राइव्ह आणि विंडोज १० अशी त्याची आजची रचना आहे. हार्ड डिस्क मूळची नाही. आधीची २५० जीबीची डिस्क कुरकुर करू लागल्यावर तिच्यावरून क्लोन करून (हुबेहूब प्रत उतरवून) ही बसवण्यात आली होती आणि ती जुनी डिस्क अजून जपून ठेवलेली आहे.

तक्रार अशी आहे की संगणक चालतो, पण मधूनच काही सेकंद गोठतो, आणि डिस्कच्या प्रकृतीबद्दल प्रत्येक साधन वेगळे सांगते. संगणक सुरू होताना बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारी मदरबोर्डवरची प्रणाली, डिस्कची ‘स्मार्ट’ (डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद) स्थिती ‘ओके’ दाखवते. स्मार्टचे आकडे दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फो हे साधन पिवळ्या रंगात ‘सावधान’ म्हणते. चेकडिस्क ही विंडोजची डिस्क तपासणारी आज्ञा एकदा चुका दाखवते आणि लगेच पुन्हा चालवल्यास त्यातल्या काही गायब होतात. मात्र ‘बॅड सेक्टरमध्ये २८ केबी’ ही ओळ दर वेळी तशीच येते (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा वाचन-लेखनाचा सर्वांत लहान कप्पा). विंडोजची नोंदवही असलेल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७, ११, ५१, ५५, १२९ आणि १५३ या क्रमांकांच्या नोंदींची सरमिसळ आहे आणि त्यांपैकी काहींच्या तारखा कशाशीच जुळत नाहीत.

साधनांचा कौल घेऊन बहुमताने निर्णय करण्यात अर्थ नाही, हे सुरुवातीलाच ठरवले आहे. डिस्कची चुंबकीय तबकडी, डिस्कमधले इलेक्ट्रॉनिक्स, डेटा केबल, वीजपुरवठा, विंडोजचा ड्रायव्हर आणि फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली कुठे आहेत याची मांडणी) हे वेगवेगळे थर आहेत आणि कोणतेही साधन हे सगळे थर पाहू शकत नाही. म्हणून प्रत्येक अहवालाला दोनच प्रश्न विचारायचे आहेत: तो कोणत्या थराबद्दल बोलतो आहे, आणि तो आजची स्थिती सांगतो आहे की डिस्कच्या जन्मापासूनची बेरीज? परस्परविरोधी वाटणारे अहवाल आपापल्या थरापुरते सगळेच खरे असू शकतात, असे गृहीत धरून पुढे जायचे आहे.

५ जून

कोणत्याही चाचणीआधी डिस्कची प्रतिमा घेतली. संगणक पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवर सुरू केला आणि डीडीरेस्क्यू वापरून संपूर्ण डिस्क एका बाह्य डिस्कवर उतरवून घेतली. डीडीरेस्क्यू सोबत एक नकाशा-फाइल ठेवते, म्हणजे मध्येच काम थांबले तरी कोणता भाग वाचून झाला आणि कोणता राहिला, हे तिला पुन्हा शोधावे लागत नाही. चेकडिस्कचा ‘आर’ पर्याय या टप्प्यावर मुद्दाम टाळला, कारण तो नुसता वाचत नाही, फाइल सिस्टीममध्ये बदलही करतो, आणि एकदा बदल झाले की मूळ लक्षणे पुसली जातात.

प्रतिमेचा निकाल बोलका आहे. संपूर्ण डिस्कवर फक्त ४,०९६ बाइट वाचता आले नाहीत. ते सलग आठ तार्किक सेक्टर आहेत आणि त्यांची सुरुवात ७३,४०,१२,६४८ या क्रमांकाच्या सेक्टरपासून होते. ही डिस्क बाहेरच्या जगाला ५१२ बाइटचे सेक्टर दाखवते, पण आतून ४,०९६ बाइटच्या सेक्टरमध्ये लिहिते; त्यामुळे आतला एक सेक्टर बिघडला की बाहेर आठ बिघडल्याचे दिसते. अहवालात ‘आठ सेक्टर खराब’ वाचून घाबरण्याआधी हा भागाकार करून पाहावा.

त्यानंतर स्मार्टकंट्रोल या लिनक्सवरच्या आज्ञेने स्मार्टचे आकडे नोंदवले, म्हणजे पुढे तुलनेला आधार राहील. क्रमांक ५, म्हणजे राखीव जागेत हलवलेले सेक्टर: ०. क्रमांक १२, डिस्कला वीज मिळण्याच्या खेपा: ४,३१२. क्रमांक १९२, वीज अचानक गेल्यामुळे हेड (तबकडीवर वाचणारा-लिहिणारा भाग) मागे घेण्याच्या खेपा: ६८७. क्रमांक १९७, निकालाच्या प्रतीक्षेतले म्हणजे पेंडिंग सेक्टर: ८. क्रमांक १९९, डेटा वाहताना आढळलेल्या सीआरसी (तपास-बेरजेच्या) चुका: २१४.

बायोस आणि क्रिस्टलडिस्कइन्फो यांच्यातला विरोध या आकड्यांनीच सुटला. स्मार्टमध्ये प्रत्येक गुणधर्माला दोन मूल्ये असतात. एक कच्चा आकडा आणि दुसरे उत्पादकाने आपल्या सूत्राने बेतलेले मूल्य. हे दुसरे मूल्य ठरवलेल्या उंबरठ्याला टेकले, तरच डिस्क स्वतःला नापास ठरवते. या डिस्कवर १९७ चा उंबरठाच शून्य ठेवलेला आहे, त्यामुळे पेंडिंग सेक्टर कितीही वाढले तरी त्या कारणाने डिस्क कधी नापास होणार नाही. बायोस फक्त हा उत्तीर्ण-अनुत्तीर्ण शेरा वाचते. क्रिस्टलडिस्कइन्फो मात्र ५, १९७ आणि १९८ यांचे कच्चे आकडे पाहते आणि त्यांत एक जरी नोंद दिसली तरी सावध करते. दोन्ही साधने एकच तक्ता वाचतात, त्यांचा निकष तेवढा निराळा आहे. एक किरकोळ गोष्ट इथेच लिहून ठेवतो: क्रिस्टलडिस्कइन्फो कच्चे आकडे षोडशमान पद्धतीने दाखवते, म्हणून तिथला ‘डी६’ आणि स्मार्टकंट्रोलमधला २१४ हे एकच आहेत.

७ जून

आजचा दिवस इव्हेंट व्ह्यूअरच्या नोंदी वाचण्यात गेला आणि तो सत्कारणी लागला.

पहिला गोंधळ तारखांचा होता. काही नोंदींवर जानेवारी २०११ च्या तारखा होत्या, म्हणजे विंडोज १० बाजारात येण्याच्या चार वर्षे आधी विंडोज १० ने डिस्कच्या चुका नोंदवल्या होत्या. मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ बॅटरीचा दाब मोजला, तो ३ व्होल्टच्या जागी २.४ भरला. भिंतीवरचे बटण बंद केले की घड्याळ बायोसच्या मूळ तारखेवर परतते आणि इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत झालेल्या सर्व नोंदी त्या चुकीच्या तारखेने होतात. बॅटरी बदलली. जुन्या नोंदी लावण्यासाठी तारखेऐवजी प्रत्येक नोंदीचा अनुक्रमांक वापरला. तो घड्याळावर अवलंबून नसतो, नोंद होईल तसा वाढत जातो. त्या क्रमाने यादी लावताच चुका वर्षभर विखुरलेल्या नसून ठरावीक झुबक्यांत येतात, हे दिसले.

दुसरा गोंधळ कोणत्या डिस्कबद्दल बोलणे चालले आहे, याचा होता. क्रमांक ११ आणि ५१ च्या सर्व नोंदी ‘हार्डडिस्क २’ च्या नावावर आहेत, आणि या संगणकात आत बसवलेली डिस्क एकच आहे. विंडोज हे क्रमांक जोडणीच्या क्रमाने देते, त्यामुळे ‘हार्डडिस्क २’ म्हणजे त्या वेळी जोडलेला एखादा पेन ड्राइव्ह किंवा बाह्य डिस्क. असे साधन नीट बंद न करता उपटले की नेमक्या याच प्रकारच्या नोंदी उरतात. त्या संपूर्ण बाजूला काढल्या आणि यादी जवळजवळ निम्मी झाली.

उरलेल्या नोंदी मात्र आतल्या डिस्कच्याच आहेत. क्रमांक ७ म्हणजे डिस्कने न वाचता आलेला ब्लॉक कळवला; असे करण्याआधी घरगुती वापराची डिस्क तोच सेक्टर बराच वेळ पुन्हा पुन्हा वाचून पाहत बसते. क्रमांक १५३ म्हणजे एखादे वाचन किंवा लेखन पुन्हा करावे लागले. क्रमांक १२९ म्हणजे डिस्कने वेळेत उत्तरच दिले नाही, म्हणून ड्रायव्हरने जोडणी रिसेट केली. यांपैकी ७ च्या नोंदी थोड्या आहेत आणि त्या उशिरा सुरू होतात. १२९ च्या मात्र कितीतरी आधीपासून आहेत. खराब सेक्टर हे मूळ कारण असते, तर हा क्रम उलटा दिसायला हवा होता. फाइल सिस्टीमबद्दलच्या ५५ च्या मोजक्या नोंदीही १२९ च्या झुबक्यांच्या मागोमागच येतात.

८ जून

चेकडिस्कचे कोडे दोन भागांत सुटते.

पहिला भाग सोपा आहे. कोणताही पर्याय न देता चालू विंडोजमध्ये सी ड्राइव्हवर चेकडिस्क चालवली, तर ती फक्त वाचते, आणि ती वाचत असताना विंडोज त्याच ड्राइव्हवर लिहीत असते. तपासणीच्या सुरुवातीला वाचलेली एक तालिका आणि शेवटी वाचलेली दुसरी तालिका यांच्यामध्ये प्रत्यक्षात बदल झालेला असतो आणि चेकडिस्कला ती विसंगती वाटते. अशा खोट्या चुका दिसू शकतात, हे मायक्रोसॉफ्टच्या माहितीपत्रकातही नमूद आहे. संगणक पुन्हा सुरू करून, विंडोज पूर्ण चढण्याआधी केलेल्या तपासणीत यांपैकी एकही चूक आली नाही. म्हणून चालू ड्राइव्हवरची वाचनापुरती चेकडिस्क या तपासातून वगळली.

दुसरा भाग म्हणजे ते २८ केबी. या ड्राइव्हवर एक क्लस्टर, म्हणजे फाइल सिस्टीम एकदम वाटते तो जागेचा तुकडा, ४ केबीचा आहे, म्हणजे सात क्लस्टर खराब ठरवलेले आहेत. डीडीरेस्क्यूला मात्र एकाच क्लस्टरएवढी जागा वाचता आली नव्हती आणि स्मार्टमध्ये क्रमांक ५ शून्यावर आहे. मग हे सात आले कुठून?

विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टीममध्ये खराब क्लस्टरांची यादी ‘बॅडक्लस’ नावाच्या एका लपवलेल्या फाइलमध्ये असते. मास्टर फाइल टेबल या फाइलींच्या मुख्य यादीतली आठव्या क्रमांकाची नोंद तिच्यासाठी राखून ठेवलेली आहे. लिनक्सवरून ती नोंद वाचली. सातही क्लस्टर ड्राइव्हच्या पहिल्या २५० जीबीच्या आत आहेत, आणि डीडीरेस्क्यूला न वाचता आलेली जागा या सातांत नाही, ती त्यांच्यापासून बरीच पुढे, ३७५ जीबीच्या आसपास आहे. ते सातही क्लस्टर थेट वाचून पाहिले. एकही वाचन अडखळले नाही.

जपून ठेवलेली जुनी डिस्क जोडून तिचीही ‘बॅडक्लस’ पाहिली, तेव्हा तेच सात क्रमांक तंतोतंत आढळले. म्हणजे खराबी जुन्या तबकडीवरची आहे. क्लोन करताना फाइल सिस्टीम जशीच्या तशी उतरली आणि तिच्यासोबत जुन्या डिस्कच्या खराब जागांची यादीही नव्या डिस्कवर आली. नव्या डिस्कवरच्या त्या जागा निरोगी आहेत, पण फाइल सिस्टीमला तसे कोणी सांगितलेले नाही. चेकडिस्कची ती ओळ खोटी नव्हती. ती फक्त दुसऱ्या डिस्कबद्दलची होती. ही यादी साफ करण्याचा उपाय आहे, पण तो शेवटी करायचा. आत्ता केला, तर एकाच वेळी दोन गोष्टी बदलतील.

९ जून

आज वगळण्याजोग्या शक्यता वगळल्या. मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवला, रॅममध्ये चूक नाही. डिस्कचे तापमान चाळिशीच्या आतच राहते.

मदरबोर्डबद्दल थोडे अधिक तपासावे लागले. इंटेलने ३१ जानेवारी २०११ रोजी जाहीर केले होते की ६ मालिकेतील चिपसेटच्या सुरुवातीच्या बी२ आवृत्तीत ३ जीबीपीएसची साटा (डिस्क जोडण्याची) पोर्टे कालांतराने क्षीण होऊ शकतात. ० आणि १ क्रमांकाची ६ जीबीपीएसची पोर्टे त्यातून सुटलेली होती. ही डिस्क नेमकी २ क्रमांकाच्या पोर्टवर आहे, त्यामुळे हा संशय घेणे भाग होते. लिनक्समध्ये चिपसेटचा रिव्हिजन क्रमांक ०५ दिसतो, म्हणजे ही सुधारित बी३ आवृत्ती आहे. शक्यता बाद.

११ जून

सीआरसी चुकांचा २१४ हा आकडा पाहून कोणीही आधी केबल बदलायला सांगेल, आणि बहुतेक वेळा तो सल्ला बरोबरही ठरतो. डेटा केबलमधून जाताना बिघडला की पलीकडच्या टोकाला बेरीज जुळत नाही, तो तुकडा पुन्हा पाठवला जातो आणि १९९ एकाने वाढतो. पण हा आकडा वीजमीटरसारखा आहे. तो कधीच खाली येत नाही. आजचा वापर कळायचा, तर दोन वेळच्या नोंदींतला फरकच पाहावा लागतो.

म्हणून केबलला हात न लावता न वाचता येणारे आठ सेक्टर वगळून संपूर्ण डिस्क लिनक्सवरून वाचली आणि तिचा शा-२५६ हॅश (मजकुराचा ठसा) पाच तारखेच्या प्रतिमेशी ताडायचे ठरवले. मधल्या दिवसांत विंडोज सुरू झाले होते, त्यामुळे सी ड्राइव्हचे हॅश जुळणार नव्हतेच. तुलना फक्त दुसऱ्या, न वापरलेल्या पार्टिशनपुरती केली आणि ती पूर्ण जुळली. संपूर्ण वाचनानंतरही १९९ चा आकडा २१४ च आहे. केबल हाताने हलवत, वाकवत केलेल्या वाचनातही तो हलला नाही. लिनक्सच्या कर्नलने जोडणीचा वेगही ३ जीबीपीएसवरून खाली आणला नाही. वारंवार चुका होत असत्या, तर तो वेग १.५ वर आणून पाहतो. हे २१४ कोण्या जुन्या केबलचे किंवा सैल बसवलेल्या जोडणीचे अवशेष असावेत. आजची केबल निर्दोष आहे आणि ती तशीच ठेवली आहे. नवी घातली असती, तर पुढे संगणक सुधारल्यावर श्रेय चुकून तिला गेले असते.

डिस्कच्या स्वतःच्या चाचण्याही आज घेतल्या. छोटी चाचणी दोनेक मिनिटांत उत्तीर्ण झाली. मोठी चाचणी ‘वाचन अयशस्वी’ या शेऱ्यासह ७३,४०,१२,६४८ वर थांबली. यातही विरोध नाही. छोटी चाचणी तबकडीचा अगदी लहान भाग वाचते आणि मोठी संपूर्ण तबकडी वाचत जाऊन पहिल्या चुकीशी थांबते. या चाचण्या डिस्कच्या आतच चालतात, डेटा केबलमधून काहीच जात नाही. त्यामुळे हा सेक्टर खरोखर वाचता येत नाही आणि त्यात केबलचा वा विंडोजचा संबंध नाही, हे पक्के झाले.

१४ जून

आज खरे कारण हाती लागले, आणि ते ज्या आकड्याकडे सहसा कोणी पाहत नाही, त्यात होते.

सकाळी संगणक सुरू केल्यावर क्रमांक १२ चा आकडा नोंदवला होता. दिवसभर संगणक एकदाही बंद केला नाही, तरी संध्याकाळी तो तीनने वाढलेला होता. क्रमांक १९२ ही तेवढाच वाढला होता. याचा अर्थ संगणक चालू असताना डिस्कची वीज तीनदा गेली आणि परत आली. लिनक्सच्या नोंदीत त्याच वेळांना आधी ‘लिंक डाउन’, मग ‘हार्ड रिसेट’ आणि दहाएक सेकंदांनी पुन्हा ‘लिंक अप’ असा क्रम आहे. विंडोजमध्ये हीच घटना क्रमांक १२९ म्हणून दिसते आणि वापरणाऱ्याला ती काही सेकंदांचे गोठणे म्हणून जाणवते. कान देऊन ऐकले, तर त्या क्षणी तबकडी थांबून पुन्हा वेग घेत असल्याचा आवाजही येतो.

हे कधी होते, याचे उत्तर झुबक्यांत होते. नोंदींच्या प्रत्येक झुबक्याच्या आसपास डीव्हीडी ड्राइव्ह वापरला गेल्याच्या खुणा आहेत. पेटी उघडून पाहिले, तर एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीतून, आलेल्या एका मोलेक्स (जुन्या चार पिनांच्या) जोडणीला एक स्प्लिटर, म्हणजे एका जोडणीची दोन टोके करणारी तार, लावलेला आहे आणि त्याच्या दोन साटा टोकांपैकी एक हार्ड डिस्कला, दुसरे डीव्हीडी ड्राइव्हला गेले आहे.

मल्टीमीटरचा किमान मूल्य धरून ठेवणारा पर्याय लावून दाब मोजला. स्प्लिटरच्या अलीकडे, एसएमपीएसच्या बाजूला, लाल तारेवर ५.०४ व्होल्ट होते आणि डीव्हीडी ड्राइव्हमध्ये तबकडी घातल्यावरही ते ५.०२ च्या खाली गेले नाहीत. स्प्लिटरच्या पलीकडे मात्र स्वस्थ असताना ४.९६ आणि डीव्हीडीची मोटर सुरू होताना ४.६२ भरले. संगणकाच्या वीजपुरवठ्यासाठीच्या एटीएक्स मानकानुसार ५ व्होल्टच्या तारेवर पाच टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे ४.७५ ही खालची मर्यादा आहे. १२ व्होल्टच्या पिवळ्या तारेवरही असेच झाले, ती ११.४० च्या मर्यादेखाली ११.२ पर्यंत घसरली. मल्टीमीटर तसा संथ असतो, तेव्हा खरी घसरण याहून खोल आणि याहून क्षणिक असणार.

हिशोबही बसतो. डीव्हीडी ड्राइव्हच्या लेबलवर ५ व्होल्टला दीड अँपिअर लिहिले आहे. एवढ्या प्रवाहाला ०.४ व्होल्ट हरवायचे, तर जोडणीत ०.२७ ओहमच्या आसपास रोध हवा. सुस्थितीतल्या मोलेक्स पिनेत तो याच्या कितीतरी पटींनी कमी असतो. स्प्लिटर काढून पाहिल्यावर त्याच्या मादी टोकातल्या दोन पिना फाकलेल्या दिसल्या आणि त्यांच्याभोवतीचे प्लास्टिक किंचित तपकिरी झालेले होते. ही खूण डिस्कच्या आरोग्यापेक्षाही गंभीर आहे. तापलेली मोलेक्स जोडणी वितळू शकते आणि पेटूही शकते. स्प्लिटर तिथेच निकाली काढला नाही, पुढच्या उलट चाचणीसाठी ठेवला, पण संगणकापासून वेगळा करून.

१६ जून

हार्ड डिस्कला एसएमपीएसमधून थेट येणारी साटा वीजजोडणी दिली आणि डीव्हीडी ड्राइव्ह दुसऱ्या तारेवर नेला. एरवी काहीही बदलले नाही. डीव्हीडी पुन्हा पुन्हा सुरू करत डिस्कवरून सलग वाचन चालवले. क्रमांक १२ आणि १९२ जागचे हलले नाहीत, कर्नलच्या नोंदीत रिसेट नाही.

उलट बाजूही तपासायची होती. सदोष स्प्लिटरवर चांगली डिस्क पुन्हा लावण्यात धोका असल्यामुळे ती जबाबदारी जुन्या २५० जीबीच्या डिस्कवर सोपवली. थोडा वेळ, डोळ्यांसमोर, बोट स्प्लिटरवर ठेवून ती चालवली. डीव्हीडी सुरू होताच तिचाही क्रमांक १२ वाढला. डिस्क बदलली तरी दोष स्प्लिटरसोबत राहिला. त्यानंतर स्प्लिटरची तार कापून तो टाकून दिला, म्हणजे पुन्हा कोणाच्या हाती लागून वापरला जाणार नाही.

१८ जून

आता त्या आठ सेक्टरांकडे. आधी त्यांत कोणती फाइल होती ते शोधले. ७३,४०,१२,६४८ मधून पार्टिशनच्या सुरुवातीचा २,०६,८४८ हा क्रमांक वजा केला आणि आठने भागले. उत्तर ९,१७,२५,७२५ आले. विंडोजच्या एफएसयूटिल आज्ञेला हा क्लस्टर क्रमांक दिल्यावर तिने ब्राउझरच्या कॅशमधली एक फाइल दाखवली. गमावण्यासारखे काही नाही, आणि हे उत्तर संशयाशी जुळणारेही आहे. कॅशमध्ये सतत लेखन चालते, त्यामुळे वीज गेली त्या क्षणी तिथे काहीतरी लिहिले जात असण्याची शक्यता मोठी.

डिस्क प्रत्येक सेक्टरच्या शेवटी त्याच्या मजकुराशी जुळणारा चूकदुरुस्तीचा संकेत लिहिते. लेखन अर्ध्यावर तुटले, तर मजकूर आणि संकेत एकमेकांशी जुळत नाहीत आणि तबकडी धडधाकट असूनही तो सेक्टर वाचता येत नाही. डिस्क त्याला लगेच खराब ठरवत नाही, पेंडिंगमध्ये ठेवते. पुढच्या लेखनाच्या वेळी जागा चांगली निघाली तर नाव यादीतून कमी होते, खराब निघाली तर राखीव जागेत नवा सेक्टर दिला जातो आणि क्रमांक ५ वाढतो. फाइल नुसती पुसून हे घडत नाही, कारण पुसताना ती जागा पुन्हा लिहिली जात नाही.

लेखन करताना एक अट पाळावी लागते. आठपैकी एकच ५१२ बाइटचा सेक्टर लिहायला गेले, तर डिस्कला आधी संपूर्ण ४,०९६ बाइटचा सेक्टर वाचून त्यात बदल करावा लागतो, आणि वाचताच येत नसल्याने ते लेखनही फसते. म्हणून लिनक्समध्ये डीडी वापरून, मधली मेमरी टाळून, ४,०९६ बाइटचा एक पूर्ण ठोकळा ९,१७,५१,५८१ या स्थानावर एकाच दमात लिहिला. इथे पार्टिशनची सुरुवात वजा करायची नसते, कारण लेखन संपूर्ण डिस्कच्या मोजणीने होते. या आज्ञेत एक अंक इकडेतिकडे झाला तर दुसऱ्याच फाइलवर शून्ये पडतात. आज्ञा देण्याआधी तेच स्थान वाचून तिथेच चूक येते, याची खातरी करून घेतली.

लेखनानंतर क्रमांक १९७ शून्यावर आला आणि क्रमांक ५ शून्यच राहिला. तबकडीची जागा चांगली होती. मोठी चाचणी पुन्हा लावली. अडीच तासांच्या सुमारास ती चुकीविना पूर्ण झाली.

१९ जून

शेवटचे काम, म्हणजे वारशाने आलेली ती यादी. चेकडिस्कचा ‘बी’ पर्याय खराब ठरवलेले क्लस्टर पुन्हा तपासतो आणि चांगले निघाले तर त्यांना मोकळे करतो. ‘आर’ पर्याय हे करत नाही, तो नव्या खराब जागा शोधतो पण जुन्या यादीवर विश्वास ठेवतो. रात्री लावलेली तपासणी सकाळपर्यंत संपली. ‘बॅड सेक्टरमध्ये ० केबी’. जुनी डिस्क कुरकुरत असताना क्लोन करणाऱ्या प्रत्येकाने, नवी डिस्क बसल्यावर हा पर्याय एकदा चालवायला हवा, असे माझे मत झाले आहे.

१२ जुलै

डीव्हीडीचा नेहमीसारखा वापर होऊनही १२९ ची एकही नवी नोंद नाही. क्रमांक १२ आता संगणक जितक्या वेळा सुरू होतो तितकाच वाढतो. १९७ शून्य, ५ शून्य, १९९ अजूनही २१४. क्रमांक १५३ ची एक नोंद मात्र दिसली. तपशील उघडल्यावर ती बाह्य डिस्कची निघाली, तिच्या यूएसबी केबलकडे वेगळे पाहावे लागेल. क्रिस्टलडिस्कइन्फो निळ्या रंगात ‘चांगली’ म्हणते आणि बायोस पूर्वीप्रमाणेच ‘ओके’.

डिस्क ठेवायची की नाही, याचा निर्णय या आकड्यांवर सोडलेला नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या चार प्रमुख इशाऱ्यांपैकी एकही आधी दिलेला नव्हता. शिवाय या डिस्कने सदोष जोडणीवर किती वेळा अवचित वीज जाण्याचे धक्के सोसले, ते क्रमांक १९२ च्या सातशेजवळ पोहोचलेल्या आकड्यावरून दिसतेच. त्यामुळे ती विंडोजसाठी वापरात राहील, पण कोणत्याही फाइलची एकमेव प्रत तिच्यावर राहणार नाही. घरातील छायाचित्रे आणि कागदपत्रे बाह्य डिस्कवर हलवून त्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली आहे. दर महिन्याला स्मार्टचे हेच पाच आकडे या वहीत उतरवायचे आणि १९७ किंवा ५ पुन्हा वाढला, तर या खेपेला शोध न घेता डिस्क बदलायची, असे ठरवले आहे.